छोट्या पेट्रोल गाडीचं अ‍ॅव्हरेज किती, यापेक्षा ते किती खाली पडतं ते बघा

नवीन गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती देते?" आणि मी हल्ली या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देतच नाही, कारण गाडी तीच, चालवणारा मीच, आणि तरी एका टाकीला २१ देते आणि पुढच्या टाकीला १३ वर येते. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिली टाकी मोकळ्या हायवेवर ८० च्या आसपास संपलेली असते आणि दुसरी रोजच्या ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये, एसी लावून. आता यातला कुठला आकडा सांगू? आणि समोरचा म्हणतो त्याची गाडी १७ देते, तर मग त्याची चांगली की माझी?

गेली बरीच वर्षं छोट्या पेट्रोल गाड्यांचा मला नादच आहे. एक लिटर, बाराशे सीसी, तीन सिलेंडर, चार सिलेंडर, टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप असलेली), बिनटर्बो, घरातली, मित्राची, भाड्याने घेतलेली, जी हातात येईल ती चालवायची आणि टाकी टू टाकी हिशोब लिहून ठेवायचा. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय, की छोट्या गाडीचं मायलेज आणि पिकअप हे वेगवेगळे बघायचेच नाहीत. गाडीकडून जास्त काम मागितलं, म्हणजे चढ, लोड, एसी, ओव्हरटेक, शंभरच्या वरचा स्पीड, की मायलेज किती पडतं ते बघायचं. एखादी गाडी आरामात चालवली की २२ देते आणि जरा पिळली की १२ वर येते, दुसरी आरामात १९ च देते पण कितीही पिळा, १५ च्या खाली जात नाही. मी दुसरी घेईन. का ते सांगतो, पोस्ट जरा मोठी होणार आहे.

आधी कंपनीच्या आकड्याचं बघू. तो लॅबमध्ये निघतो, गाडी रोलरवर उभी असते आणि ड्रायव्हर समोरच्या स्क्रीनवरच्या रेषेप्रमाणे स्पीड कमीजास्त करत राहतो. युरोपात वर्षानुवर्षं एनईडीसी नावाची टेस्ट होती ती फक्त ११ किलोमीटरची, जेमतेम २० मिनिटांची, सरासरी स्पीड ताशी ३३-३४, आणि त्यात शून्यापासून ५० पर्यंत जायला २६ सेकंद घ्यायचे. २६ सेकंद! सिग्नल सुटल्यावर इतकं हळू कोण निघतं? भारतातली टेस्ट याच एनईडीसीवरून बेतलेली, फक्त वरचा स्पीड १२० ऐवजी ९० वर आणलेला. २०१७ पासून युरोपात डब्ल्यूएलटीपी सुरू झाली, ती २३ किलोमीटरची, अर्ध्या तासाची, सरासरी ४६ आणि वरचा स्पीड १३१, म्हणजे खऱ्या रस्त्याच्या बरीच जवळ, पण एसी त्यातही बंदच. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेची पद्धत मला या सगळ्यात जास्त पटते, कारण २००८ च्या मॉडेल्सपासून त्यांनी पाच वेगवेगळ्या टेस्टचा हिशोब धरायला सुरुवात केली, त्यातली एक ३५ डिग्रीत एसी लावून, एक उणे ७ डिग्रीत गार इंजिनवर आणि एक चांगली जोरात, जवळजवळ १३० पर्यंत पळवून.

टेस्ट बदलली की आकडा किती बदलतो याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे २०११ ची माझदा डेमिओ. १.३ लिटरचं स्कायअ‍ॅक्टिव्ह इंजिन, कॉम्प्रेशन रेशो (इंजिन हवा-पेट्रोल किती पट दाबतं तो आकडा) चक्क १४, टर्बो नाही, हायब्रिड नाही. जपानच्या जुन्या १०-१५ मोड टेस्टमध्ये तिचा आकडा लिटरला ३० किलोमीटर होता आणि त्यानंतरच्या जेसी०८ टेस्टमध्ये त्याच गाडीचा २५. गाडीतला एक नटसुद्धा बदलला नव्हता. जेसी०८ मध्ये गार इंजिनवर स्टार्ट धरला आणि स्पीड जरा वाढवला, तेवढ्यात पाच किलोमीटर गेले. म्हणून दोन गाड्यांचे छापील आकडे शेजारी ठेवताना दोन्ही एकाच टेस्टचे आहेत ना एवढं आधी बघा, एक एनईडीसीचा आणि दुसरा डब्ल्यूएलटीपीचा असेल तर ती तुलना सोडून द्या.

लॅब आणि रस्ता यातलं अंतर हळूहळू वाढतही गेलं होतं. आयसीसीटी नावाची संस्था युरोपातल्या खऱ्या वापराचे आकडे गोळा करते, त्यांच्या हिशोबात हे अंतर २००१ मध्ये ९ टक्क्यांच्या आसपास होतं ते २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर गेलं. डब्ल्यूएलटीपी आल्यावर कमी झालं पण संपलं नाही, युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये गाड्यांमध्ये बसवलेल्या मीटरचा डेटा काढला, त्यात पेट्रोल गाड्या छापील आकड्यापेक्षा जवळपास २४ टक्के जास्त पेट्रोल पीत होत्या. आणि काही ठिकाणी तर आकडाच खोटा निघाला. २०१६ मध्ये मित्सुबिशीने जपानमध्ये कबूल केलं की त्यांच्या ईके वॅगनसारख्या केई (जपानमधल्या सगळ्यात छोट्या वर्गातल्या) गाड्यांच्या, आणि निसानसाठी बनवलेल्या डेझच्या, टेस्टचा डेटा फिरवला होता, एकूण ६ लाख २५ हजार गाड्या. फिरवलं काय होतं, तर रोलरला सांगायचा रस्त्यावरचा रेझिस्टन्स, म्हणजे वारा आणि टायर मिळून गाडीला किती मागे ओढतात तो आकडा. तो थोडा कमी सांगितला की बाकी सगळी टेस्ट नियमाने करूनही मायलेज वाढून येतं. छोट्या गाडीत हा एक आकडा किती महत्त्वाचा असतो ते यावरून कळेल, पुढे त्याकडे येतोच.

आता आपण स्वतः कसं मोजायचं. डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर विसंबू नका, माझ्या वहीत तरी ती बहुतेक गाड्यांमध्ये खऱ्यापेक्षा थोडं जास्तच दाखवत आली आहे. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबायचं, वर अजून थोडं अजून थोडं करत भरायचं नाही, ट्रिप मीटर शून्य करायचा, टाकी बऱ्यापैकी खाली झाली की शक्यतो त्याच पंपावर त्याच नोझलला परत पहिल्या कटपर्यंत भरायचं आणि किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीचा आकडा वर-खाली होतोच, कारण कट कधी आधी होतो कधी नंतर, आणि गाडी किंचित जरी तिरकी उभी असली तरी एक-दीड लिटरचा फरक पडू शकतो. म्हणून चार-पाच टाक्यांची बेरीज करून भागाकार करा. आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्तच दाखवतो, कारण आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की त्याने कमी कधीच दाखवायचं नाही, तेव्हा "मी शंभरने जात होतो" म्हणणारा बऱ्याचदा ९५ ने जात असतो. दोन गाड्यांची तुलना करताना दोघांचा स्पीड फोनच्या जीपीएसवर बघा.

अजून एक, आपण सगळे लिटरला किती किलोमीटर असं बोलतो आणि त्यात डोळ्यांना फसायला होतं. २० ची गाडी आणि २५ ची गाडी यातला फरक खूप वाटतो, पाच किलोमीटर, पण १०० किलोमीटरला एक लागते ५ लिटर आणि दुसरी ४, म्हणजे एका लिटरचा फरक. आणि १० ची आणि १२ ची? फरक दोनचाच, पण १०० किलोमीटरला १० लिटर आणि ८.३ लिटर, म्हणजे १.७ लिटर वाचले. म्हणून मला वरच्या टोकाला २२ की २४ यात फारसा रस नाही, खालच्या टोकाला १२ की १४ यात आहे, खरं पेट्रोल तिथे जळतं.

आता रेझिस्टन्सकडे येतो. माणसासकट साधारण १००० किलोची छोटी हॅचबॅक धरा. सपाट रस्त्यावर तिला एकसारख्या ६० च्या स्पीडला चालत ठेवायला चाकांवर लागतात जेमतेम ५ हॉर्सपॉवर. ८० ला साधारण ९, १०० ला १५ आणि १२० ला २४. टायरचा रेझिस्टन्स स्पीडने फारसा बदलत नाही पण वाऱ्याचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी पॉवर घनाने, त्यामुळे हा चढता हिशोब. छोटी गाडी वजनाने हलकी असते पण हवेला तिचं तोंड काही त्या मानाने लहान नसतं, आतली माणसं तेवढीच उंच असतात ना, त्यामुळे हलकेपणाचा फायदा गावात मिळतो आणि हायवेवर शंभरच्या वर गेलं की तो फायदा वारा खाऊन टाकतो. छोटी गाडी १२० ने पळवून "हायवेवर अ‍ॅव्हरेज मिळत नाही" म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो, ८० पेक्षा १२० ला दर किलोमीटरला पावणेदोनपटीहून जास्त ओढ आहे. इंजिन जास्त लोडवर जरा जास्त कार्यक्षम चालतं म्हणून पेट्रोल अगदी तेवढ्या पटीत वाढत नाही, पण वाढतं बरंच.

गावात हिशोब पूर्ण वेगळा. ५० च्या स्पीडला असलेली १००० किलोची गाडी ब्रेक मारून थांबवली की तो स्पीड परत मिळवायला सुमारे १२ मिलिलिटर पेट्रोल लागतं, इंजिन पेट्रोलमधली पाव भाग ऊर्जा चाकांपर्यंत पोचवतं असं धरून. किलोमीटरला दोनदा थांबलात तर १०० किलोमीटरला २.४ लिटर निव्वळ ब्रेकच्या उष्णतेत गेले. त्यात गाडी ढकलायचे सव्वादोन-अडीच लिटर. सरासरी स्पीड २० असेल तर १०० किलोमीटरला पाच तास, त्यातले अर्धे उभं राहण्यात, छोटं इंजिन नुसतं चालू राहायला तासाला अर्धा-पाऊण लिटर पितं, म्हणजे अजून दीड लिटर. आणि एसीचा लिटरभर, ऊन असेल तर दीड. झाले सव्वासात-साडेसात, म्हणजे लिटरला १३-१४. वर मी माझा १३ चा आकडा दिला तो हा असा बनतो, त्यात इंजिनचा काही दोष नाही. आणि बघा, या बिलातल्या कुठल्या ओळी गाडी बदलल्याने कमी होतात? वजन कमी असेल तर ब्रेकची ओळ कमी होते, स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय) असेल तर उभं राहण्याची ओळ कमी होते पण एसीमुळे इंजिन परत परत चालू होतं. हायवेवर ज्याचं महत्त्व, तो गाडीचा आकार, इथे जवळजवळ बिनकामाचा.

आता पिकअप. लोक शून्य ते शंभर किती सेकंद हे विचारतात, मला छोट्या गाडीत त्या आकड्याचा काही उपयोग दिसत नाही, रोजच्या रोज कोण क्लच सोडून पूर्ण रेस देत शंभरला जातो? मी बघतो ते म्हणजे ३० ते ८०, म्हणजे वळणातून बाहेर आल्यावर किंवा ट्रकच्या मागून निघताना, आणि ८० ते १२०, दोन्ही वेळा गिअर न बदलता आणि मग एक गिअर पाडून. आणि चढ. पाच टक्क्यांचा चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ५ मीटर वर, दिसायला काहीच नाही, पण त्याच १००० किलोच्या गाडीला या चढावर ६० ने न्यायला जवळपास तेवढीच पॉवर लागते जेवढी सपाट रस्त्यावर १०० ला. चार माणसं आणि सामान घेऊन १२५० किलो झाली तर चाकांवर १४ किलोवॅट, म्हणजे १९ हॉर्सपॉवर. आता इंजिनकडे बघू. साधं एक-सव्वा लिटरचं बिनटर्बो इंजिन १८०० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) समजा ८० एनएम (न्यूटन-मीटर) टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देतं, तर पॉवर झाली १५ किलोवॅट, गिअरबॉक्समध्ये थोडी जाणार, एसी दोन-तीन मागणार, म्हणजे टॉप गिअरमध्ये ती हा चढ चढूच शकत नाही, गिअर पाडावाच लागतो, कधी दोन. एक लिटरचं टर्बो त्याच १८०० ला १६० एनएम देतं, ३० किलोवॅट, त्याला काही कळतही नाही चढ होता म्हणून. ब्रोशरमध्ये दोघांची कमाल पॉवर शेजारी छापलेली असते, ८५ आणि १०० वगैरे, आणि फरक थोडाच वाटतो. पण ती कमाल पॉवर साडेपाच-सहा हजार आरपीएमवर असते, तिथे कोणी राहत नाही. तुम्ही राहता १५०० ते ३००० मध्ये आणि तिथे फरक दुप्पट आहे. म्हणून ब्रोशरमध्ये कमाल टॉर्क किती आरपीएमला येतो ते वाचा, पॉवरच्या आकड्याकडे नंतर बघा.

मग टर्बोच घ्यावी का? इथे ते "किती पडतं" वालं प्रकरण येतं.

आम्ही काही जणांनी तीन गाड्या एकत्र चालवून बघितल्या, नावं मुद्दाम देत नाही कारण त्या तीन गाड्या जुन्या-नव्या, वेगवेगळ्या चाललेल्या, त्यावरून कंपनीबद्दल काही म्हणणं बरोबर नाही. एक हलकी, एक लिटर तीन सिलेंडर बिनटर्बो. एक सव्वा लिटर चार सिलेंडर बिनटर्बो. आणि एक लिटर टर्बो, वजनाने तिघींत जड. एकामागे एक, त्याच रस्त्यावर, ड्रायव्हर आलटून पालटून, एसी सगळ्यांचा सारखा, टायरमध्ये हवा सकाळी गार असताना भरलेली. आरामात ८० ने गेलो तेव्हा लहानगी सगळ्यात पुढे, २२ च्या आसपास, बाकीच्या दोघी २० च्या जवळपास आणि त्या दोघींत सांगण्यासारखा फरक नाही. मग घाटाच्या रस्त्याला प्रत्येकीत चार माणसं आणि सामान घालून गेलो, तर लहानगी धाडकन १४ वर आली, कारण ती सतत दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चार हजारच्या वर ओरडत होती, सव्वा लिटरवाली १५ आणि टर्बो पंधराच्याही थोडी वर, शिवाय ती चालवणारा गप्पा मारत आला आणि लहानगी चालवणारा घामाघूम. इथपर्यंत टर्बो जिंकली. पण परत येताना घाई होती, सगळे ११०-१२० च्या आसपास, ओव्हरटेक करत, आणि तेव्हा टर्बो १३ च्या खाली गेली, सव्वा लिटर चार सिलेंडरवाली मात्र पुन्हा १५ लाच.

याचं कारण टर्बोच्या आत आहे. पेट्रोलला हवेचं ठरलेलं प्रमाण लागतं, वजनाने १ ला १४.७. टर्बो हवा दाबून भरतो म्हणून तेवढ्याच इंजिनात जास्त पेट्रोल जाळता येतं, हळू चालवताना इंजिन छोटंच असल्यासारखं वागतं आणि पाय दाबला की मोठ्या इंजिनासारखं, कल्पना छान आहे. पण दाबलेली हवा गरम होते, सिलेंडरमध्ये नॉकिंग, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी आपोआप पेटणं, व्हायला लागतं, ते टाळायला कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो, तिथे कार्यक्षमता गेली, आणि एक्झॉस्ट फार तापायला लागला की टर्बो आणि कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) वाचवायला जास्तीचं पेट्रोल घालून तो गार करतो, ते पेट्रोल कुठल्याच कामाला येत नाही. म्हणजे टर्बोला मध्यम स्पीडचा लोड चालतो, चढ चालतो, पण सतत जोर मागितलेला चालत नाही. आता नव्या इंजिनांमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्डच (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) सिलेंडर हेडमध्ये घेऊन पाण्याने गार करतात, व्हॉल्व्हची वेळ बदलून हवा कमी दाबणारी मिलर सायकल वापरतात, त्यामुळे हे पडणं बरंच कमी झालंय, पण एकाच इंजिनाची जुनी आणि नवी आवृत्ती यात मोठा फरक असू शकतो हे सेकंडहँड घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

या सगळ्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे फियाटचं ट्विनएअर. ८७५ सीसी, फक्त दोन सिलेंडर, टर्बो, ८५ हॉर्सपॉवर, १४५ एनएम, २०११ चा इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर, आणि फियाट ५०० मध्ये कागदावर १०० किलोमीटरला ४.१ लिटर म्हणजे लिटरला २४ च्या वर. रस्त्यावर चालवणाऱ्यांना तो आकडा दूरदूरपर्यंत दिसत नाही म्हणून ते इंजिन प्रसिद्ध झालं. इंजिनिअरिंग म्हणून मला ते फार आवडतं, पण त्याचा स्वभाव असा की पळवावंसं वाटतं, आणि पळवलं की सगळं मायलेज गेलं. त्याच्या पुढच्या वर्षापासून सलग तीन वर्षं फोर्डच्या १.० इकोबूस्टने तोच पुरस्कार घेतला, तीन सिलेंडर, ब्लॉक इतका छोटा की ए४ कागदावर उभा राहील, १२५ हॉर्सपॉवर आणि १७० एनएम. चढावर आणि ओव्हरटेकला सुख देणारं इंजिन, पण जड पायाला तेही माफ करत नाही. उलट बाजूला टोयोटाचं ९९८ सीसी तीन सिलेंडर, जे २००५ पासून आयगो, सित्रोएन सी१ आणि पुजो १०७ मध्ये होतं. ६८ हॉर्सपॉवर, ९३ एनएम, गाडी ८०० किलोच्या आसपास, त्यामुळे गावात उड्या मारत जाते आणि पेट्रोल जेमतेम पिते. पण त्यात चार मोठी माणसं बसवून चढाला लावली की ९३ एनएम किती कमी आहेत ते लगेच कळतं. मला या तिघांत वाईट कुठलंच वाटत नाही, फक्त प्रत्येकाचं मायलेज वेगळ्या जागी पडतं, आणि तुमचा रस्ता नेमका त्याच जागी असेल तर ती गाडी तुमची नाही.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. एएमटी म्हणजे मॅन्युअलच, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं, त्यामुळे मायलेज मॅन्युअलएवढं येतं, पण ओव्हरटेकला पाय दाबल्यावर ती एक क्षण विचार करते, तेवढा वेळ धरूनच निघा. सीव्हीटी, म्हणजे ठरलेले गिअर नसलेली ऑटोमॅटिक, गावात मस्त, इंजिन कायम आपल्या सोयीच्या आरपीएमवर ठेवते, पण पूर्ण रेस दिली की नुसता आवाज वाढतो आणि स्पीड नंतर येतो, आणि तसं चालवलं की मायलेजही पडतं. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा ऑटोमॅटिक) छोट्या बिनटर्बो इंजिनाला मला जड वाटतो, टर्बोबरोबर चांगला जमतो.

बाकी ज्या गोष्टींवर लोक वाद घालतात त्यातल्या बऱ्याच लहान आहेत. टायरमधली हवा १ पीएसआय कमी झाली की मायलेज ०.२ टक्के पडतं असं अमेरिकेच्या सरकारी इंधन-बचत साइटवर दिलंय, म्हणजे पाच पीएसआय कमी असेल तर एक टक्का. हवा जरूर बघा, पण ती ब्रेक आणि टायरच्या आयुष्यासाठी, २० ची गाडी त्याने २३ देणार नाही. त्यापेक्षा दिसायला छान म्हणून रुंद टायर आणि मोठे अलॉय बसवणं छोट्या गाडीला जास्त महागात पडतं, पिकअपही मरतो. इथेनॉलचा परिणाम मात्र खरा आहे. लिटरमागे पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल आणि इथेनॉलमध्ये २१, म्हणजे ई१० मध्ये (१० टक्के इथेनॉल) लिटरमागे साधारण ३ टक्के ऊर्जा कमी आणि ई२० मध्ये ६-७ टक्के. जास्त ऑक्टेनचा (नॉकिंग टाळायच्या ताकदीचा) फायदा घ्यायला इंजिन तसं बनवलेलं असेल तर त्यातलं थोडं भरून निघतं, जुन्या इंजिनात नाही. तेव्हा जुन्या वहीतले आकडे आणि आजचे आकडे शेजारी ठेवताना टाकीत काय होतं तेही लिहा.

आणि उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांसाठी: इंजेक्शनवाल्या गाडीत गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर बंदच होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं आणि इंजिन ब्रेकिंगही जातं. लांब उतारावर हे पेट्रोल वाचवण्यापेक्षाही ब्रेक तापू नयेत म्हणून पाळा, कृपा करून.

टेस्ट ड्राइव्हला जाताना माझी पद्धत सांगतो. एकटे जाऊ नका, घरातले जेवढे रोज बसतात तेवढे घेऊन जा. एसी फुल लावा. चढ असलेला रस्ता मागा, फ्लायओव्हरची चढणही चालेल. तिसऱ्या गिअरमध्ये ३० वर आणा आणि पाय अर्धा दाबून ८० पर्यंत जाऊन बघा, पूर्ण नाही, अर्धाच. अर्ध्या पायात ती ओढत असेल तर रोजच्या वापरात मायलेज टिकेल, कारण तुम्हाला तिला पिळायची वेळच कमी येईल. पूर्ण दाबल्याशिवाय हलतच नसेल तर कागदावर २५ असू दे नाहीतर २८, चार महिन्यांनी तुमच्या वहीत १३ लिहिलेलं असणार. ट्रिप मीटरवरचं मायलेज टेस्ट ड्राइव्हमध्ये बघूच नका, पाच-सात किलोमीटरला त्याचा काही अर्थ नाही, इंजिन गार असेल तर अजिबातच नाही.

माझा रोजचा रस्ता अर्धा गाव, अर्धा हायवे, महिन्यातून एकदा-दोनदा भरलेली गाडी घेऊन घाट, आणि त्यासाठी मी आजही सव्वा लिटर चार सिलेंडर बिनटर्बोच निवडेन. आरामात चालवताना ती लहानगीपेक्षा मागे आणि चढाला टर्बोपेक्षा मागे, पण सगळीकडे जवळपास तशीच राहते. ज्यांचं सगळं गावातच आणि बहुतेक वेळा एकटे किंवा दोघं, त्यांनी डोळे झाकून हलकी एक लिटर घ्यावी. ज्यांचा रोजचा चढउतार आहे, कायम भरलेली गाडी आहे आणि १०० च्या आत शांतपणे चालवायची सवय आहे, त्यांनी टर्बो. शंभरच्या आत शांतपणे हे मात्र खरं असायला हवं.

हायब्रिड मी यात धरलेल्या नाहीत, कारण वरच्या गावातल्या बिलातली ब्रेकची २.४ लिटरची ओळच त्या निम्म्यावर आणू शकतात आणि उभं राहण्याची ओळ जवळपास पुसून टाकतात, मग त्यांची तुलना या तिघींशी लावणं बरोबर होणार नाही. छोट्या हायब्रिडची टाकी टू टाकी नोंद कोणी ठेवली असेल, तीही गावाची वेगळी, हायवेची वेगळी आणि भरलेल्या गाडीची वेगळी, तर खाली लिहा, मला खरंच हवी आहे.